आधी ना हरकत, मग चार्जिंग

इलेक्ट्रिक स्कूटर विकत घ्यायला एक दुपार पुरते. तिला सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग मिळायला दोन सर्वसाधारण सभा लागतात. पहिल्या सभेत ‘आग लागली तर?’ असं विचारणारे काका स्वतः जिन्याखाली जादा सिलिंडर ठेवतात, हे इतिवृत्तात येत नाही. दुसऱ्या सभेत कॉमन मीटरच्या बिलाची चिंता. अहो, स्कूटरची बॅटरी साधारण 3 युनिटांची. बागेतले हॅलोजन रात्रभरात त्याहून जास्त खातात. (बागेत गवतही नाही, ते सोडा.)

घरच्या सध्याच्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते, असं केंद्राच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं होतं. पण दिल्लीहून निघालेल्या त्या कागदाची रेंज सेक्रेटरींच्या टेबलाआधीच संपते. मग तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शनची वायर खाली सोडायची, जोडाला काळी टेप, त्यावर पावसासाठी दुधाची रिकामी पिशवी. आग लागायचीच तर इथे लागेल. पण या वायरीला ना हरकत लागत नाही!

सेक्रेटरीसाहेब, मागणं एवढंच आहे: आमच्याच मीटरवरून, अर्थिंग आणि एमसीबीसकट 16 अँपिअरचा एक सॉकेट. खर्च आमचा. सही तेवढी करा.