मिसकॉल यंत्रणेची निगा व दुरुस्ती

एसटीडी रात्री 11 नंतर पाव दरात मिळे, तेव्हा पिवळ्या बूथबाहेर पेंगत उभ्या राहिलेल्या तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्याने मोबाइल येताच अधिक प्रगत यंत्रणा बसवली: मिसकॉल. खर्च शून्य. एक रिंग म्हणजे पुण्याला पोचलो, दोन म्हणजे पैसे पाठवा. बिघाड एकच संभवतो, तो म्हणजे पलीकडच्याने फोन उचलणे. असा सदोष नातेवाईक फोनपासून तातडीने दूर हलवावा. आजोबांबाबत विशेष खबरदारी घ्यावी. ते उचलतात आणि वर पाऊसपाणीही विचारतात. 2016 मध्ये जिओ आले, बोलणे फुकट झाले आणि ही थोर यंत्रणा धूळ खात पडली. कंपन्यांनी मात्र तिची कदर केली. रिचार्ज संपला की आता इनकमिंगही बंद होते. मिसकॉल घ्यायलासुद्धा पैसे पडतात.