पेंग्विन आणि ढग

गूगल ड्राइव्ह २०१२ साली आलं. लिनक्सचं ॲपही येणार, असं तेव्हा सांगितलं होतं. येतंय बापडं, वाटेत असेल. ज्यांचे स्वतःचे सर्व्हर लिनक्सवर चालतात, त्यांनीच ही तऱ्हा करावी! ड्रॉपबॉक्स निदान घरात घेतं. पण २०१८ साली त्यांनी फर्मान काढलं, लिनक्सवर फाइल सिस्टीम हवी तर एक्स्ट-फोरच. पुढच्या वर्षी ते मागेही घेतलं. फुकटात मिळतात २ जीबी, उपकरणं ३. एवढ्यात एका बारशाचे व्हिडिओ मावत नाहीत. मग आम्ही स्वाभिमानी होतो, रात्री अकराला ढगाशी फोल्डर जुळवणाऱ्या आरक्लोनची ‘सिंक’ कमांड हाणतो. दोन फोल्डरांची नावं चुकून उलटसुलट पडतात आणि रिकामा फोल्डर भरलेल्याला आपल्यासारखाच रिकामा करून टाकतो. चूक अर्थातच आमची. तेव्हा बाबांनो, आधी ड्राय-रन, म्हणजे नुसती रंगीत तालीम, करून बघा.