खिशातली विजेरी निवडताना घ्यावयाची दक्षता

खिशात मावणारी विजेरी घेऊ इच्छिणाऱ्याने प्रथम घरच्या मंडळींना विश्वासात घ्यावे, कारण पुढचे काही महिने तो त्यांच्या फारसा उपयोगी पडणार नाही. मग कागद-पेन्सिल घेऊन, आपल्याला अंधारात नेमके काय पाहायचे असते याची प्रामाणिक यादी करावी. कुलपाचे भोक, खाटेखाली सरकलेली चप्पल, मीटरशेजारचा फ्यूज, जिन्याची शेवटची पायरी, गोळ्यांच्या पाकिटावरचे नाव. यादी पुरी झाली की लक्षात येते, यातले काहीच चार-पाच हातांपलीकडे नाही. तरीही गिऱ्हाईक दुकानात जाऊन पहिला प्रश्न विचारते तो ‘लांब किती जाते?’ हाच. म्हणजे सगळा घोळ अंतरापासून सुरू होतो. जवळचे पाहायचे ठरले, की उजेड किती हा प्रश्न मागे पडतो. तो कोणत्या रंगाचा आहे आणि त्याला लागणारा सेल आडगावात मिळतो का, हे दोन प्रश्न पुढे येतात.

खोक्यावरचे आकडे वाचण्याची एक रीत आहे. जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या दिव्याचा सारा उजेड ७०० ल्यूमेनच्या आसपास भरत असे, आणि त्यात अख्खे कुटुंब जेवत असे. अंगठ्याएवढ्या विजेरीवर आता १००० ल्यूमेन छापलेले असतात. चांगला एलईडी एका वॅटमागे शंभर-सव्वाशे ल्यूमेन देतो असे धरले, तर त्यासाठी ८ ते १० वॅट हवेत. आत मावणाऱ्या १४५०० आकाराच्या लिथियम-आयन सेलमध्ये साठा असतो सुमारे ३ वॅट-तासांचा. हिशेब वीस मिनिटांवर संपतो, आणि तोही कागदावर. प्रत्यक्षात मिनिट-दोन मिनिटांत नळी तापते आणि आतले सर्किट मुकाट्याने उजेड खाली आणते. हे खोटे मुळीच नाही. एफएल-१ नावाच्या अमेरिकी मानकानुसार उजेड मोजतात तो विजेरी लावल्यावर अर्ध्या ते दोन मिनिटांत, आणि ती ‘चालली’ असे धरतात तो उजेड त्याच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. दोन मिनिटे हजार आणि पुढचे दोन तास दीडशे ल्यूमेन देणारी विजेरी खोक्यावर ‘१००० ल्यूमेन, २ तास’ असे सन्मानाने लिहू शकते. पल्ल्याचेही तसेच. झोत ०.२५ लक्सवर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, उतरेल तिथपर्यंत तो मोजतात, आणि पल्ला दुप्पट करायला झोताची तीव्रता चौपट लागते. पदपथावर पाच आकडी ल्यूमेन विकणाऱ्याशी मात्र वाद घालू नये. त्याच्याकडे गुणाकार नसतो, आवाज असतो.

आता रंगछटा. पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. निळ्या एलईडीवर पिवळसर फॉस्फरचा लेप देऊन पांढऱ्याचा भास निर्माण केलेला असतो. लेप बेताचा असला की उजेड ६५०० केल्विनच्या पुढचा, निळसर होतो. जुना पिवळा दिवा २७०० केल्विनचा. ४००० ते ५००० हा मधला, डोळ्यांना मानवणारा टापू. पण केल्विनवर समाधान मानणारा अजून बालवर्गात आहे. वस्तूंचे रंग कितपत खरे दिसतात, हे सीआरआय सांगतो. त्याची कमाल १०० असली तरी त्याची सरासरी आठ फिकट नमुन्यांवरून काढतात आणि गडद लाल, म्हणजे आर-९, त्यात धरतच नाहीत. सीआरआय ७० च्या निळसर विजेरीची मेख इथेच आहे. तिच्या उजेडात लाल आणि तपकिरी छटा मातकट होऊन एकमेकींत मिसळतात. कोकणात वाळक्या पाल्यात बसलेल्या फुरशाची आणि पाल्याची छटा आधीच जवळजवळ एक. जो थोडा फरक उरतो तोही पुसणारी विजेरी घेऊन पायवाट धरणे हा काटकसरीचा चुकीचा प्रकार होय. म्हणून दुकानात जाताना पिशवीत एक टोमॅटो आणि एक विड्याचे पान ठेवावे. भिंतीवर झोत पाडून परीक्षा करू नये, कारण डोळा क्षणात भिंतीला पांढरी मानून मोकळा होतो. टोमॅटोवर पाडावा, मग स्वतःच्या तळव्यावर. एकाच केल्विनच्या दोन विजेऱ्यांपैकी एक हिरवट आणि दुसरी गुलाबी झाक मारू शकते. तळवा कावीळ झाल्यासारखा दिसला तर विजेरी परत द्यावी. दुकानदाराने टोमॅटोबद्दल विचारल्यास आमटीचे कारण सांगावे.

यावर जाणकार म्हणतील, रात्री डोळ्याला रंग दिसतातच कुठे? चांदण्यात दिसत नाहीत, हे खरे. पण चार हातांवर पडलेले वीस-तीस ल्यूमेन म्हणजे चांदणे नव्हे. तेवढ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी व्यवस्थित कामाला लागतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: उबदार आणि रंगाला खऱ्या उजेडासाठी ल्यूमेनची किंमत मोजावी लागते. मोजावी लागतेच. पण डोळा उजेड सरळ प्रमाणात मोजत नाही. पाव हिस्सा कमी झाला तर शेजारी दुसरी विजेरी धरल्याखेरीज कळतही नाही. (शेजारी धरणारे असतात. त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन नाही.) तिसरा दावा, पिवळा उजेड धुके भेदतो, हा उबदार पक्षाच्याच सोयीचा असला तरी सोडून द्यावा. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीहून कितीतरी मोठे असल्याने ते सगळ्याच रंगांना जवळजवळ सारखेच विखुरतात. पावसाळ्यात घाटमाथ्यावर विजेरी डोळ्यांजवळ न धरता कमरेपाशी धरावी, एवढाच उपाय. आणि जूनच्या तोंडावर पुरुषवाडी किंवा राजमाचीला काजवे पाहायला जाणाऱ्यांसाठी सर्वोत्तम रंगछटा म्हणजे बंद विजेरी.

सेलच्या बाबतीत माणसाचा स्वभाव उघडा पडतो. १८६५० सेल सुमारे १२ वॅट-तास देतो, पण त्याला खिसा नव्हे, पिशवी लागते. सीआर१२३ए दहा वर्षे कपाटात टिकतो आणि हवा तेव्हा गावात मिळत नाही. आतच बंदिस्त सेल असलेली विजेरी देखणी खरी, पण सेल म्हातारा झाला की तीही म्हातारी. राहता राहिला पेन्सिल सेल. टपरीवरचा झिंक-कार्बन सेल जोराचा भार आला की दमतो आणि आत विसरला तर गळतो. अल्कलाइन अधिक दमदार, पण गळण्यात तोही मागे नाही. रिचार्ज होणारा निकेल-मेटल-हायड्राइड १.२ व्होल्टचा, २००० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास, म्हणजे २.४ वॅट-तास. त्याच मापाच्या लिथियम १४५०० चे ३ वॅट-तास पाहता फरक जेमतेम पाव पटीचा. लिथियमचा दिमाख त्याच्या ३.७ व्होल्टमुळे आहे, टिकाऊपणामुळे नाही. तेव्हा दोन्ही सेल चालतील अशी विजेरी घ्यावी, एरवी निकेलचा वापरावा आणि अडल्यावेळी टपरीचा. मात्र घरात १४५०० आणल्यास त्याच्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवावी, नाहीतर पेन्सिल सेल समजून कोणीतरी तो भिंतीवरच्या घड्याळात घालेल. पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्ट देतो, आणि दीड व्होल्टच्या घड्याळाला ते झेपत नाहीत.

मोबाइलमध्ये दिवा असताना हा खटाटोप का, हा आक्षेप शेवटी येतोच. गटाराच्या झाकणावर ओणवे होऊन किल्ली शोधताना मोबाइल हातातून निसटू शकतो, एवढे उत्तर पुरेसे आहे. विमानाने जाताना सुटे लिथियम सेल सोबतच्या हातपिशवीत ठेवावेत, सामानात देऊ नयेत. आणि विजेरी खिशात टाकण्यापूर्वी तिचे मागचे झाकण पाव फेरा सैल करावे. तसे न केल्यास बटण मांडीखाली दाबले जाऊन ती बसमध्ये आपोआप लागेल, नळी तापेल, आणि विकत घेतलेले सगळे ल्यूमेन प्रथमच पूर्णपणे वापरले जातील.