थर्ड पार्टी

‘थर्ड पार्टी’ हा शब्द मराठी माणसाला स्कूटरच्या विम्यामुळे ठाऊक आहे. दरवर्षी पैसे भरायचे, कागद डिकीत टाकायचा, हवालदाराने अडवलं की काढायचा. आपलं मडगार्ड चेपलं तर दमडी मिळत नाही. आपण ज्याला ठोकलं, भरपाई त्याची. जुन्या नाण्यांच्या बाजारात हा शब्द आता रुळलाय, आणि अर्थ फारसा बदललेला नाही.

आमच्या मामांनी रविवारच्या जुन्या बाजारातून चार हजारांना शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, आणली. एका अंगाला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगाला ‘छत्रपति’. एकूण एक अक्षर शाबूत, वेलांटीसकट. मामा भाळले ते यालाच, आणि मला शंका आली तीही यामुळेच. शिवराईचा ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान असे. घाव बसला की एखाददुसरं अक्षर हमखास नाण्याबाहेर राही. मामांच्या नाण्यावर मात्र शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखी अक्षरं. कडेवरून नख फिरवलं तर साच्याच्या सांध्याची रेघ लागते.

“मामा, कडेला रेघ आहे हो.”

“अरे, तीनशे वर्षं वापरलेलं नाणं. रेघ पडणारच!”

शिवराईवर एक ‘राम दरबार’ फुकट मिळाला होता. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण, मारुती. दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, १८१८. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही. पण साल बघा. ज्या वर्षी पेशवाई बुडवली, त्याच वर्षी कंपनीला रामभक्तीचा उमाळा! असली नाणी तांदूळ ओढतात असं सांगून लोकांना लाखांना गंडवल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. मामांनीही रात्री गुपचूप प्रयोग केला. नाणं जागचं हललं नाही, तांदूळही नाही. फक्त मामींना सकाळी ओट्यावरचा बासमती गोळा करावा लागला.

“एखाद्या त्रयस्थ तज्ज्ञाला, म्हणजे थर्ड पार्टीला दाखवा,” मी म्हटलं. विकणाऱ्याने खात्री दिलीच होती. पण विकणाऱ्याची खात्री म्हणजे मुलाच्या आईने दिलेलं निर्व्यसनीपणाचं प्रमाणपत्र. अमेरिकेत १९८६-८७ पासून पीसीजीएस आणि एनजीसी या कंपन्या हेच काम करतात: नाणं तपासायचं, ७० पैकी गुण द्यायचे आणि प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करायचं. त्या डबीला म्हणतात स्लॅब. आपल्याकडे स्लॅब पडला की बिल्डर हप्ता मागतो, तिथे नाण्याचा भाव चढतो.

मामांनी अभ्यास केला. सोयीचं तेवढंच सापडेल असा. ही सत्तर गुणांची पट्टी १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी काढली. हे मूळचे मानसशास्त्रज्ञ; माणसाच्या अंगलटीवरून स्वभाव सांगायचे. पुढे उघड झालं की अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली उत्तम सेंट नाणी उचलून त्यांच्या जागी यांनी आपली हलकी नाणी ठेवली होती. “म्हणजे मार्क देणाराच चोर!” मामांना केवढा आनंद. मग १९८३ च्या हिटलरच्या बनावट डायऱ्या. हस्ताक्षरतज्ज्ञांनी त्या खऱ्या ठरवल्या, कारण तुलनेला दिलेल्या नमुन्यांतही त्याच नकलाकाराच्या हातचे कागद होते. शिवाय हल्ली स्लॅबच्याही नकला निघतात. “आता डबीला सर्टिफिकेट कोण देणार? तू?”

मुद्दे बिनतोड होते. तज्ज्ञही चुकतात. पण मामांना खरी धास्ती आहे ती तज्ज्ञ बरोबर निघण्याची. शिवाय नाणं त्यांना विकायचं नाही. विकायचं असतं तर घेणाऱ्यासाठी कागद लागलाच असता; स्वतःच्या कपाटात ठोकर कोणाला लागणार? जो कधी विकणार नाही त्याने तज्ज्ञाला पैसे देऊन चार हजारांचं दुःख विकत घ्यावं, असं मलाही म्हणवेना.

परवा गेलो तर शिवराई दिवाणखान्यात, चक्क स्लॅबमध्ये. रिकामी डबी ऑनलाइन मिळते म्हणे. वर मामांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: ‘अस्सल. ७० पैकी ६८.’

“दोन मार्क कशाला कापले, मामा?”

“अरे, कडेला रेघ आहे ना!”