खोटं गवत, खरा ढाळ

सोलापूरकडच्या काळ्या मातीचा एकच गुण सांगायचा, तर ती आलेलं पाणी सोडत नाही. उत्तरा-हस्ताचा पाऊस पोटात घेते आणि थंडीभर पुरवून पुरवून ज्वारीला पाजते. मंगळवेढ्याची मालदांडी अशा साठल्या ओलीवरच पोसते. पुढं कधीतरी गाव वाढतं, रान एनए होतं, प्लॉट पडतात आणि त्याच मातीवर बंगला बांधून माणूस तिला विचारतो, 'बाई, एवढं पाणी धरून कशाला बसलीस?' आजोबांनी ज्या गुणासाठी नारळ फोडला, नातवाची तक्रार नेमकी त्याच गुणाबद्दल.

आमच्या मामांच्या अंगणाचं हेच झालं. निवृत्तीनंतर त्यांनी हिरवळीचा ध्यास घेतला. खरी हिरवळ म्हणजे कापणी, खुरपणी आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणं. म्हणून प्लास्टिकची ठरली. खत नको, पाणी नको, कीड नाही, सातबाऱ्यावर नोंद नाही. पण पाण्याची फिकीर करायला लावण्यात या पिकानं उसालाही मागं टाकलं. फरक एवढाच, की उसाला पाणी आणायचं असतं आणि याच्याखालचं घालवायचं असतं.

या गवताची कीर्ती पसरली तीच मुळी छपराखालून. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम हे छत असलेलं स्टेडियम १९६५ मध्ये उघडलं. छताच्या तावदानांतून येणाऱ्या उन्हानं खेळाडूंचे डोळे दिपायचे आणि चेंडू दिसेनासा व्हायचा, म्हणून तावदानं रंगवली. ऊन अडलं, तसं खालचं खरं गवत मेलं आणि १९६६ मध्ये प्लास्टिकचं आलं. ज्या घराण्याचं नाव झालं ते पावसाचा थेंब अंगावर न घेता, त्याची पाती आता सोलापूरच्या काळीत नांदायला येणार होती.

गवत विकणारे सांगतात, चटईला खालून भोकं असतात, पाणी लगेच निघून जातं. जातं हे खरं, पण कुठं? भोकाखाली चिकण माती वाट अडवून बसलेली असते. वाळूत तासाला तीस मिलिमीटरच्या वर पाणी मुरतं. चिकण मातीत एक ते पाच. सोलापूरचा वळवाचा पाऊस एवढं पाणी काही मिनिटांत ओतून पुढच्या गावाला जातो. उरलेलं चटईखाली कुजत राहतं. शिवाय ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात मनगट जाईल अशा भेगा पडतात, वरची माती त्यांत ढासळते, पुन्हा पावसात फुगून खालची वर येते. काळी स्वतःच स्वतःला नांगरते म्हणतात, ते यामुळंच. रानात हा नांगर फुकटचा. अंगणात त्यानं चटईचे सांधे उसवतात आणि सपाट हिरवळीला उंटाची पाठ येते.

'काका, काळीवर कायबी टिकत न्हाई,' मिस्त्री म्हणाले. मामांनी वाचून ठेवलं होतंच: नऊ इंच काळी काढायची, तिथं खडी भरायची, झालं. मिस्त्रींनी तंबाखू मळता मळता एकच विचारलं, 'आन् खडीतलं पाणी जानार कुटनं?' मामा गप्प. चारी बाजूंना चिकण माती आणि मधे खडी, याला निचरा म्हणत नाहीत. तो खडी भरलेला हौद. पाणी आत जाईल, पण बाहेर जायला त्याला दार नाही.

मग खरं काम सुरू झालं आणि त्यातलं बहुतेक गवतापासून लांब होतं. आधी गच्ची. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला, की दोन हजार तीनशे लिटरहून जास्त पाणी होतं आणि मामांच्या पन्हळी ते सगळं इमानानं अंगणात सोडत होत्या. त्यांची तोंडं आधी बाहेर वळवली. मग ढाळ. घराकडून कुंपणाकडं, दर दहा फुटांना दीड इंच. तो मोजायला मिस्त्रींनी पाणी भरलेली पारदर्शक नळी काढली. पाण्याची वाट पाण्यालाच विचारायची, ही त्यांची पद्धत. खोदलेल्या मातीवर जिओटेक्स्टाईलचं कापड अंथरलं, नाहीतर काळी हळूहळू खडीत वर शिरते. कापडावर धुतलेली खडी, कडेच्या चरात भोकं पाडलेला पाइप. शिरोळ-मिरजेकडं चिबड रानं सुधारायला शेतकरी असेच सच्छिद्र पाइप जमिनीत घालतात. पाइपाचं दुसरं टोक शोषखड्ड्यात. आणि तो काळी संपून मुरूम लागेपर्यंत खोल, कारण काळीतच थांबलेला शोषखड्डा काही शोषत नाही. हे सगळं जमिनीला वाफसा आल्यावरच. चिखलात काम केलं, तर चिकण माती तुडवून तुडवून आणखी घट्ट होते.

अशा खडीच्या चराला इंग्रजीत ज्यांचं नाव मिळालं, ते हेन्री फ्लॅग फ्रेंच हे अमेरिकेतले वकील आणि न्यायाधीश. १८५९ मध्ये त्यांनी शेतातल्या निचऱ्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांचा मुलगा डॅनियल शिल्पकार झाला. वॉशिंग्टनला खुर्चीत बसलेला लिंकन आहे, तो त्याचा. लेकाचं काम बघायला जगभरातून माणसं येतात आणि फोटो काढून घेतात. बापाचं काम जमिनीखाली आहे. तिथं फोटो काढायला कोण जाणार?

मामांनाही हाच पेच पडला. खर्चाचा मोठा वाटा मातीखाली गेला आणि वास्तुशांतीला आलेल्यांनी कौतुक केलं ते चटईचं. पात्यांचा रंग अगदी खरा, पण रंग खोटा असता तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. ढाळ मात्र खोटा काढता येत नाही. पहिल्या सरीलाच तो उघडा पडतो.

आता पाऊस आला, की मामा छत्री घेऊन कुंपणापाशी जातात. हिरवळीकडं पाठ, डोळे शोषखड्ड्यावर. पाइपाच्या तोंडातून गढूळ धार सुरू झाली, की घरात हाक मारतात, 'आलं, आलं! बघायला या!' परवा मामी दारातूनच म्हणाल्या, 'गवतापायी एवढा पैसा घातला आणि हे बघत बसलेत मोरी.' मामा हललेसुद्धा नाहीत. वर धार वाढल्याचं सांगितलं.