हैदराबादला गेलेल्या माणसाने गावाकडचा व्यवसाय कर कसा नाकारावा

प्रस्तुत मार्गदर्शन हिंगोली जिल्ह्यातलं सिद्धेश्वर सोडून, तिथलं दुकान बंद करून परराज्यात नोकरीला गेलेल्या, पण नोटिसा अजून सिद्धेश्वरच्याच पत्त्यावर येणाऱ्या समस्त तरुणांसाठी आहे. व्यवहारात ते त्यांच्या मामांसाठी आहे, कारण धावपळ मामालाच करावी लागते.

नियम १. नोटीस आधी वाचावी, मग दाजींना दाखवावी. आमच्याकडे हा क्रम उलटा आहे. दाजी म्हणजे माझ्या हैदराबादला गेलेल्या भाच्याचे वडील. कुठलाही कागद त्यांनी आजवर शेवटपर्यंत वाचलेला नाही, तरी प्रत्येक कागदावर त्यांचं मत तयार असतं, आणि ते एकच असतं : "काही होत नसतंय. ठिवा पत्र्याखाली." पत्र्याखाली ठेवलेल्या कागदाला उंदीर लागतात, मुदतीला लागत नाहीत.

वाचताना दोनच गोष्टी पाहाव्यात. पहिली, नोंदणी क्रमांक. तो ९९ने सुरू होत असेल, तर ही तुमची स्वतःची व्यवसाय कराची नोंदणी, म्हणजे चालू खातं उघडायच्या वेळी सीएने काढून दिलेली आणि नंतर सगळ्यांच्या डोक्यातून गेलेली. दुसरी, वर्षं. मागणी कोणकोणत्या वर्षांची आहे, ते पेन्सिलीने वेगळं लिहून काढावं.

नियम २. संविधानाचा आधार घ्यावा, पण बेताने. कलम २७६ प्रमाणे राज्याला एका माणसाकडून वर्षाला २,५०० रुपयांच्या वर व्यवसाय कर घेता येत नाही. १९८८ सालापर्यंत ही मर्यादा २५० होती. महाराष्ट्रात पगारदाराचे अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात, ते हा आकडा बरोबर भरावा म्हणून. वर्षातला सगळ्यात तोकडा महिना सगळ्यात महाग का, याचं एवढंच उत्तर आहे.

हे ऐकून दाजी म्हणाले, "मग तिकडं हैदराबादला कापत्यात, हिकडं कशाला?" प्रश्न चांगला आहे, युक्तिवाद कच्चा आहे. ही मर्यादा प्रत्येक राज्यासाठी स्वतंत्रपणे मोजतात. शिवाय तेलंगणात पगारातून कर कापला गेला, म्हणून इथलं दुकान बंद होतं असं ठरत नाही. दुकान भाऊही चालवू शकतो. तेव्हा पगाराच्या पावत्या आणि फॉर्म १६ जरूर जोडावेत, पण मुख्य पुरावा दुकान बंद झाल्याचाच हवा : शॉप ॲक्टची नोंद बंद केल्याचा कागद, मीटर काढल्याचं शेवटचं वीजबिल, चालू खातं बंद केल्याचं बँकेचं पत्र.

(१९५६च्या १ नोव्हेंबरपूर्वी हिंगोली आणि हैदराबाद एकाच राज्यात होती. त्या काळी भाचा गेला असता, तर हा लेख वाचला असता. स्टेशनच्या पाटीवर आजही 'हिंगोली डेक्कन' आहे, पण ही बाब उत्तरात मांडू नये.)

नियम ३. जेवढं खरंच देणं आहे तेवढं भरावं. दुकान चालू होतं त्या वर्षांचा कर व्याजासह भरून टाकावा आणि वाद फक्त पुढच्या वर्षांचा घालावा. सगळंच नाकारणाऱ्याचं काहीच ऐकून घेत नाहीत. इथे दाजींनी मोडता घातला. ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना हा कर माफ आहे, असं त्यांना कुठूनसं कळलं, आणि "दुकान माझ्याच नावावर होतं म्हणून सांगा" असा सल्ला त्यांनी ऐन पंगतीत दिला.

त्यांना एक आठवण करून द्यावी लागली. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली आला, तो रोजगार हमीला पैसा हवा होता म्हणून. ७२च्या दुष्काळात अशाच सरकारी कामावर दाजींच्या वडिलांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, तेव्हा हे घर टिकलं. दाजी गप्प बसले आणि ताटातला भात संपवून उठले. खऱ्या वर्षांचे पैसे दुसऱ्या दिवशी त्यांनीच आणून दिले, हळदीच्या पट्टीतले.

नियम ४. उत्तर लेखी द्यावं, पोच घ्यावी. शिक्क्याशिवाय हलू नये.

नियम ५. नोंदणी रद्द करावी. नुसती मागणी खोडून उपयोग नाही, नोंदणी जिवंत राहिली तर पुढच्या वर्षी नवी मागणी येते. अर्जात दुकान बंद झाल्याची तारीख लिहावी, अर्ज करतानाची नव्हे.

नियम ६. गावाला आवरावं. हा सर्वांत अवघड नियम. चौकशीला माणूस आला आणि त्याने पारावर विचारलं, की अमुक इथे राहतो का, तर सिद्धेश्वरात नाही म्हणणारा भेटणार नाही. "राहतो म्हणजे? आपलंच लेकरू हाय की. बसा, चहा घ्या. दुकान हाय त्याचं, ते काय समोर." पोरगं परक्या मुलखात कमावतंय, त्याला गावातून कमी करायचं कुणाच्या जिवावर येतं? इथल्या धरणावर जाऊन आलेला पाहुणा असेल म्हणून लोक आणखी दोन गोष्टी वाढवून सांगतात.

ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर "सध्या गावी वास्तव्यास नाही" हे शब्द यायला म्हणूनच वेळ लागला. लिहिणाऱ्याने तीनदा विचारलं, "असंच लिहू का? बरं दिसंल का?"

नियम ७. बोर्ड उतरवावा. दुकानात आता हळदीची पोती आणि फवारणीचा पंप आहे, पण वर मोबाईल शॉपीचा बोर्ड तसाच. बोर्ड काढला तर लोक म्हणतील पोरगं बुडालं, हे दाजींचं पहिलं कारण. दुसरं त्यांनी उशिरा, बैल सोडता सोडता सांगितलं : "अन् आलंच माघारी, तर?"

तूर्त तडजोड म्हणून बोर्ड भिंतीकडे तोंड करून लावला आहे. अर्जासोबतचा फोटो समोरूनच काढावा. बाजूने काढल्यास नाव दिसतं.