खुळ्यांची बाजू

शहाण्याचा हिशेब सरळ असतो. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडची नोंदणी टिकवायची, तर 5 वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट हवेत. मग रविवारी सीएमईच्या, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाच्या, हॉलवर जावं, सही करावी, मागची रांग धरावी आणि जेवणाची वेळ चुकवू नये. यात नियमबाह्य काही नाही.

पण सोलापुरात आपत्कालीन वैद्यकाची सीएमई असली की काही खुळेही येतात. मला त्यांचं कौतुक करायचं आहे, आणि ते मनापासून आहे.

खुळा रात्रपाळी संपवून येतो आणि पहिल्या रांगेत बसतो. सीपीआरच्या सरावाची बाहुली, म्हणजे मॅनिकिन, आलं की इस्त्रीच्या पँटवर फरशीवर गुडघे टेकतो. मिनिटाला 100 ते 120 दाब, प्रत्येक दाब निदान 5 सेंटीमीटर खोल, आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दुसऱ्या मिनिटाला दंड भरून येतात, दाब उथळ पडू लागतो आणि ते करणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. म्हणून तर दर 2 मिनिटांनी माणूस बदलायचा. पुस्तकात हे एका ओळीत उरकतं. हाताला कळायला घाम गाळावा लागतो. बाहुलीपुढे घाम गाळणारा भर सभेत वेडा दिसतो. दिसू दे.

तो प्रश्नही विचारतो, आणि तेही जेवणाच्या तोंडावर. आपल्या जिल्ह्यात द्राक्षं आणि डाळिंबं आहेत, म्हणजे फवारणीचं औषध घरोघर आहे. ते प्यायलेला रुग्ण आला तर अ‍ॅट्रोपिन थांबवायचं कधी? डोळ्यांच्या बाहुल्या बघून नव्हे, छाती ऐकून. फुफ्फुसातला ओलावा सुकेपर्यंत डोस दर 5 मिनिटांनी दुप्पट करत जायचा. या एका उत्तरासाठी सगळ्यांची पंगत दहा मिनिटं खोळंबली तर खोळंबू द्यावी.

डॉ. हिंमतराव बावस्करांना तरी शहाणं कोण म्हणालं असतं? कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांपाशी रात्री काढायच्या, नोंदी ठेवायच्या आणि त्या थेट ‘लॅन्सेट’ला धाडायच्या! 1982 साली त्या तिथे छापून आल्या. पुढे त्यांनी प्राझोसिन हे औषध वापरलं आणि विंचवाने माणूस दगावणं दुर्मीळ झालं.

भारतात आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली ती 2009 मध्ये. कॅज्युअल्टी अर्थातच त्याआधीही रात्रंदिवस चालू होती, आणि तिथे बहुधा सगळ्यात नवखा डॉक्टर उभा असायचा. शिकण्याची सगळ्यात जास्त गरज त्यालाच, आणि रविवारी ड्यूटीही त्याचीच.

यंदा एका खुळ्याने आयोजकांना सुचवलं, की सीएमई मे महिन्यात घ्या, स्लाइड कमी करा, पाण्याचे ड्रम, पंखे आणि बर्फ आणा. उष्माघाताच्या रुग्णाला आधी थंड करायचं, मग हलवायचं. तेच करून दाखवू. कॅज्युअल्टीच्या सिस्टर, वॉर्डबॉय आणि 108 रुग्णवाहिकेचे पायलट यांनाही बोलवा, कारण रुग्णाला पहिला हात त्यांचा लागतो. त्यांना पॉइंट मिळत नाहीत, ही अडचण लगेच कुणीतरी काढली. खुळा म्हणाला, माझे त्यांना द्या.

माझं मत त्याच्या बाजूने आहे. मागच्या रांगेतल्या खुर्च्या दुपारनंतर रिकाम्याच असतात. त्या सिस्टरांना द्याव्यात, आणि जेवणाची ताटंही.